पडद्यावरून खाटेपर्यंत

डॉक्टर शिकून बाहेर पडले, सिस्टरची नोंदणी झाली, नोकरी लागली. मग त्यांना पुन्हा कसला अभ्यास? आणि तोही मोबाइलवर, दुसऱ्याच देशात बसलेल्या कुणाकडून?

हे दोन प्रश्न बहुतेक वेळा जोडीनेच विचारले जातात. पहिल्यात कुतूहल असतं, दुसऱ्यात भीती. पडद्यावर पाहून शिकलेल्या हातांत आमच्या सुनेचं बाळंतपण सोपवायचं का, असं सासूबाई विचारतात तेव्हा त्या अगदी योग्य जागी बोट ठेवत असतात. ऑनलाइन शिक्षणाचे कौतुक करणारे लोक या प्रश्नाला अनेकदा बगल देतात. आपण त्याच्याच दिशेने जाऊ, पण एकेक पायरी चढत.

१. शिकलेलं जुनं कसं होतं?

हिपॅटायटिस सी हा यकृताचा आजार घेऊ. तो विषाणूमुळे होतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरतो. २००५ साली एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांनी त्यावरचा उपचार असा शिकला: दर आठवड्याला इंटरफेरॉनचं इंजेक्शन, सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या, आणि हे सहा महिने ते वर्षभर. रक्त कमी व्हायचं, काहींना तीव्र नैराश्य यायचं, आणि एवढं सोसूनही अनेकांच्या रक्तात विषाणू उरायचाच. २०१३च्या अखेरीस सोफोसबुव्हिर हे औषध आलं. आज बहुतेक रुग्णांना साधारण १२ आठवडे फक्त गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरातले नव्वदाहून अधिक जण पूर्ण बरे होतात.

क्षयरोगातही तेच झालं. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी पूर्वी दीड वर्ष किंवा त्याहून जास्त काळ औषधं चालत. त्यात महिनोन्‌महिने इंजेक्शनं घ्यावी लागत आणि त्यांनी कित्येकांची श्रवणशक्ती गेली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बऱ्याच रुग्णांसाठी सहा महिन्यांची, फक्त गोळ्यांची उपचारपद्धती सुचवली.

आता २००५च्या बॅचचा, तालुक्याच्या गावी एकटाच काम करणारा डॉक्टर डोळ्यांसमोर आणा. तो हुशार आहे, कष्टाळू आहे. पण हे बदल त्याला कोण सांगणार? औषध कंपनीचा प्रतिनिधी सांगेल ते त्याच्या कंपनीच्या औषधापुरतं. परिषदा मोठ्या शहरांत भरतात. तिकडे जायचं तर दवाखान्याला कुलूप लावावं लागतं आणि त्या दिवसाचे रुग्ण तसेच परत जातात. नोकरी करता करता चालू ठेवायच्या या अभ्यासाला निरंतर वैद्यकीय शिक्षण म्हणतात. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीचं नूतनीकरण करताना पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण जमवल्याचं महाराष्ट्र वैद्यक परिषदेला दाखवावं लागतं. नियम चांगला आहे. पण गुण मिळाले म्हणजे रुग्णाला चांगला उपचार मिळाला असं होत नाही, आणि पुढचं सगळं प्रकरण याच फटीबद्दल आहे.

२. अल्बुकर्कचा वर्ग

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत शिकलेले डॉ. संजीव अरोरा पुढे अमेरिकेत यकृतरोगतज्ज्ञ झाले आणि न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्क इथे विद्यापीठाच्या रुग्णालयात काम करू लागले. ते राज्य आकाराने महाराष्ट्राहून किंचित मोठं, पण लोकवस्ती जेमतेम वीस लाखांची. हिपॅटायटिस सीचे रुग्ण राज्यभर विखुरलेले आणि उपचार करू शकणारे तज्ज्ञ मात्र मोजकेच. अरोरांच्या दवाखान्यात नंबर लागायला आठ महिने लागत. काही रुग्ण ४०० किलोमीटरपर्यंतचा प्रवास करून येत, आणि तो एकदा करून भागत नसे. कितीतरी जण यकृत निकामी झाल्यावरच पोहोचत.

रुग्णांना तज्ज्ञांपर्यंत आणता येत नसेल, तर तज्ज्ञांनी पडद्यावरून थेट रुग्णच का तपासू नयेत? तसं करता येतं, त्याला टेलिमेडिसिन म्हणतात. पण त्याने तज्ज्ञाच्या दिवसाचे तास वाढत नाहीत. पडद्यावरही एका वेळी एकच रुग्ण तपासून होतो.

अरोरांनी २००३ मध्ये वेगळा मार्ग धरला. खेड्यांतल्या दवाखान्यांतले आणि तुरुंगांतले डॉक्टर आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी एकाच व्हिडिओ बैठकीत जमू लागले. तिथे आधी छोटंसं व्याख्यान होई आणि मग खरं काम सुरू होई. एखादा डॉक्टर आपला रुग्ण मांडे, नाव-गाव न सांगता: वय अमुक, रक्ताचे अहवाल असे, चौथ्या आठवड्यात हिमोग्लोबिन घसरलं आहे, शिवाय झोप लागत नाही आणि रडू येतं. पुढे काय करू? समोर यकृततज्ज्ञ असत, मनोविकारतज्ज्ञ असत, औषधशास्त्राचे जाणकार असत. ते सल्ला देत, इतर गावांतले डॉक्टर आपला अनुभव सांगत, आणि ज्यांनी रुग्ण मांडला तेच डॉक्टर परत जाऊन उपचार करत. रुग्ण त्यांचाच राही.

यात वाढ कशी होते, ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा, तज्ज्ञ दोन तासांत ओपीडीत आठ नवे रुग्ण तपासतात. तेच दोन तास त्यांनी वीस दवाखान्यांच्या बैठकीला दिले आणि सहा रुग्णांवर चर्चा झाली. वरवर पाहता दोन रुग्ण कमीच झाले. पण बैठकीतल्या प्रत्येक डॉक्टरकडे त्याच आजाराचे पाच रुग्ण असतील, तर त्या चर्चेचा उपयोग शंभर जणांना होतो. सहा महिन्यांनी यातले बरेच डॉक्टर साध्या अडचणी विचारेनासे होतात, कारण त्या त्यांना स्वतःलाच सोडवता येतात.

या पद्धतीचं नाव प्रोजेक्ट एको. तिची कसोटी कशी घेतली, हे मला तिच्या कल्पनेइतकंच मोलाचं वाटतं. किती जणांनी व्याख्यान ऐकलं, किती जणांना ते आवडलं, एवढं मोजून अरोरा आणि त्यांचे सहकारी थांबले नाहीत. रुग्णांच्या रक्तातला विषाणू गेला का, हे त्यांनी पाहिलं. ४०७ रुग्णांचा हा अभ्यास २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. विद्यापीठात तज्ज्ञांकडे उपचार घेतलेल्यांपैकी ५७.५ टक्के बरे झाले होते आणि खेड्यांत व तुरुंगांत साध्या डॉक्टरांकडे उपचार घेतलेल्यांपैकी ५८.२ टक्के. म्हणजे बरोबरी. गंभीर दुष्परिणाम तर दूरच्या दवाखान्यांत कमी दिसले. आपल्या माणसांत, घराजवळ, ओळखीच्या डॉक्टरकडे उपचार झाला की त्रास लवकर कळतो, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं.

पुढे ही पद्धत अनेक देशांनी उचलली. बेंगळुरूच्या निम्हान्सने छत्तीसगडमधल्या समुपदेशकांना मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीचे धडे याच रीतीने दिले.

३. एकाच ज्ञानाचे दोन परिणाम

इथवर वाचून कुणालाही वाटेल की आता सोपं आहे. जगातले उत्तम प्राध्यापक निवडावेत, त्यांचे धडे चित्रित करावेत, भाषांतर करावं आणि सगळ्या देशांना पाठवावेत. या वाटेवर एक मोठा धोका आहे. तो समजून घ्यायला पूर्व आफ्रिकेत जाऊ.

खूप ताप आलेलं लहान मूल अत्यवस्थ होतं, हातपाय गार पडतात, नाडी क्षीण होते. याला शॉक म्हणतात. अशा मुलाला शिरेतून भराभर सलाइन द्यावं, हा पाठ्यपुस्तकातला पक्का धडा होता. त्याची मुळं श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत होती, जिथे शेजारीच अतिदक्षता विभाग आणि कृत्रिम श्वासाची यंत्रं असतात. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या सहा रुग्णालयांत या धड्याची तपासणी झाली. 'फीस्ट' नावाच्या त्या चाचणीत तीन हजारांहून अधिक मुलं होती. जुलाबाने सुकलेली मुलं त्यात घेतली नव्हती. त्यांना पाणी भरून द्यावंच लागतं. २०११ मध्ये निष्कर्ष आले. भराभर सलाइन दिलेल्या मुलांपैकी ४८ तासांत साधारण साडेदहा टक्के दगावली. असं सलाइन न देता बाकीचे उपचार केलेल्या मुलांपैकी ७.३ टक्के. म्हणजे शंभरामागे तीन मुलं जास्त गेली, आणि तीही पुस्तकात लिहिलेला उपचार नीट केल्यामुळे.

तो धडा शिकवणारे अडाणी नव्हते की शिकणारे निष्काळजी नव्हते. पण ज्या मुलांवर तो उपचार व्हायचा होता त्यांच्यात मलेरिया आणि पंडुरोग फार होता, आणि फुप्फुसांत पाणी साचलं तर सावरायला यंत्रं नव्हती. दुसऱ्या घरातून विरजण आणता येतं, पण दही लागतं ते आपल्या दुधात, आपल्या स्वयंपाकघराच्या उबेत. थंडीच्या दिवसांत तेच विरजण टोपासकट घोंगडीत गुंडाळावं लागतं. देशोदेशी पाठवायच्या प्रत्येक धड्याला म्हणूनच आधी चार प्रश्न विचारायला हवेत. इथले रुग्ण कोणते आजार घेऊन येतात? इथल्या कपाटात कोणती औषधं आहेत? इथल्या कायद्याने सिस्टरला काय करायची मुभा आहे? आणि मोठं रुग्णालय किती तासांवर आहे? या चारही प्रश्नांची उत्तरं धडा लिहिणाऱ्याकडे नसतात, शिकणाऱ्याकडे असतात. तेव्हा शिकणारा धडा लिहिण्याच्या टेबलावरच बसलेला हवा.

याची दुसरी बाजू आपल्याला कोकणात दिसते. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर ताण येऊन माणसं मरत, मुलं तर फार. या रोग्यांची रात्रंदिवस निरीक्षणं केली महाडच्या परिसरात, प्राथमिक आरोग्य केंद्रातून कामाला सुरुवात केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध इथे उपयोगी पडतं असं त्यांना आढळलं आणि १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. विंचूदंश हा उत्तर आफ्रिकेपासून मेक्सिकोपर्यंतच्या गावांचा प्रश्न आहे, पण त्याचा मोठा अनुभव महाडच्या दवाखान्यात साठला होता. देशोदेशीचा वर्ग भरवायचा तर त्यात महाडकडे बोलण्याची पाळी यायला हवी. आजचे बरेच अभ्यासक्रम एका बाजूला शिक्षक आणि दुसऱ्या बाजूला श्रोते अशा रचनेचे आहेत. त्यात असं ज्ञान वर येतच नाही.

४. हात पडद्यावरून शिकतात का?

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे. जन्मलेलं बाळ रडलं नाही, श्वास घेत नाही, तर पहिल्या मिनिटात काय केलं यावर त्याचं आयुष्य ठरतं. पुसून कोरडं करायचं, ऊब द्यायची, पाठ चोळायची, तरीही श्वास नसेल तर पिशवी आणि मास्कने हवा द्यायची. मास्क नाकातोंडावर घट्ट बसला नाही तर हवा बाजूने निघून जाते. हे वाचून येत नाही.

डेन्मार्कच्या मॅटर्निटी फाउंडेशनने तिथल्या विद्यापीठांसोबत यासाठी एक ॲप तयार केलं: 'सेफ डिलिव्हरी ॲप'. त्यात छोटे सचित्र व्हिडिओ, औषधांची माहिती आणि पायऱ्यांची यादी असते, आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. पुढे त्याची हिंदी आवृत्तीही आली. इथिओपियाच्या ग्रामीण भागातल्या ७३ आरोग्य केंद्रांत २०१३-१४ मध्ये त्याची चाचणी झाली. काही केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना ॲप असलेला फोन दिला, बाकीच्या केंद्रांत नेहमीसारखंच काम चालू राहिलं. सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी बाहुलीवर परीक्षा घेतली, तेव्हा ॲप वापरणाऱ्यांचं बाळाला श्वास देण्याचं कौशल्य स्पष्टपणे वरचढ होतं. म्हणजे पडद्यावरूनही हात काही अंशी शिकतात.

पण सगळा निकाल सांगायला हवा. त्याच चाचणीत ॲप असलेल्या केंद्रांत जन्माच्या आसपास हजारी १४ बाळं दगावली आणि इतर केंद्रांत २३. आकडा आशा वाढवणारा आहे. तरी एवढ्या बाळंतपणांत असा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून ॲपमुळे बाळं वाचली असं संशोधकांना म्हणता आलं नाही. ॲपची जाहिरात करताना कुणी १४ आणि २३ हे दोनच आकडे दाखवले, तर ते अर्धसत्य आहे.

शिवाय कौशल्य असूनही हातात वस्तू नसेल तर? बाळंतपणानंतरचा रक्तस्राव डोळ्यांनी जोखला तर अनेकदा कमी वाटतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत झालेल्या 'ई-मोटिव्ह' चाचणीत काही रुग्णालयांत बाळंतिणीखाली खुणांची प्लास्टिकची पिशवी ठेवली. रक्त किती गेलं ते खुणेवर लगेच दिसे, आणि खूण ओलांडली की ठरलेले सगळे उपचार एकदम सुरू होत. त्यासाठी कर्मचाऱ्यांना जागेवर प्रशिक्षणही दिलं होतं. २०२३ मध्ये निष्कर्ष आला: तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यामुळे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण नेहमीसारखं काम चाललेल्या रुग्णालयांत ४.३ टक्के होतं, तर या पिशवीच्या रुग्णालयांत १.६ टक्के. म्हणून सासूबाईंना द्यायचं उत्तर असं आहे: फक्त पडद्यावर शिकलेल्या हातांत बाळंतपण सोपवू नका. पडद्यावर समजून घेतलेलं, बाहुलीवर कुणाच्या तरी देखरेखीखाली घोटलेलं आणि प्रसूतिगृहात मास्क, पिशवी, औषध यांची सोबत असलेलं ज्ञान मागा. यातलं पहिलं काम ऑनलाइन स्वस्तात होतं, आणि त्याने वाचलेला प्रशिक्षकाचा वेळ दुसऱ्या कामाला लावता येतो.

५. विसरणं गृहीत धरून शिकवणं

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं आपण आधी भराभर आणि मग सावकाश विसरतो, आणि मध्ये मध्ये उजळणी केली की विसरणं मंदावतं. तरीही आपली बहुतेक प्रशिक्षणं दोन दिवसांची असतात: हॉलमध्ये बसा, जेवा, सही करा, प्रमाणपत्र घ्या.

हार्वर्डचे मूत्रविकारतज्ज्ञ प्राइस केरफूट यांनी उलट केलं. साठाहून अधिक देशांतल्या जवळपास दीड हजार मूत्रविकारतज्ज्ञांना त्यांनी दर काही दिवसांनी ईमेलवर मोजके प्रश्न पाठवले. उत्तर देताच खुलासा मिळे आणि तोच प्रश्न काही दिवसांनी परत येई. आपल्याकडे हे व्हॉट्सॲपवरही करता येईल. प्रश्न मात्र नीट हवा. 'प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव म्हणजे किती मिलिलिटर?' हा पाठांतराचा प्रश्न झाला. त्याऐवजी असं विचारा: 'बाळ होऊन दहा मिनिटं झाली, वार पडली, खालचं कापड भिजलं आहे, नाडी ११०, गर्भाशय हाताला मऊ लागतं, तालुक्याचं रुग्णालय दीड तासावर. आता पहिल्या दोन मिनिटांत काय काय कराल?' याचं उत्तर देताना सिस्टर मनाने प्रसूतिगृहात उभी असते.

६. किती मेगाबाइट, किती वाजता?

छोटा हिशेब करू. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने तासभर व्हिडिओ पाहिला तर ३६०० मेगाबिट खर्च होतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ४५० मेगाबाइट. तेच व्याख्यान नुसतं ऐकलं, सेकंदाला ६४ किलोबिटने, तर सुमारे २९ मेगाबाइट. लिहिलेली पानं आणि रेघांची चित्रं याहूनही कमी जागा घेतात. व्हिडिओ आणि नुसता आवाज यांत पंधरापट फरक आहे! हाताची हालचाल दाखवायची असेल तिथेच व्हिडिओ, बाकी मजकूर आणि आवाज, आणि सगळं एकदाच उतरवून ठेवता येईल असं: गरीब देशांसाठीचा अभ्यासक्रम या हिशेबातून आकाराला येतो.

वेळेचंही तसंच. २००४ मध्ये राष्ट्रपती डॉ. कलाम यांनी मांडलेल्या कल्पनेतून २००९ पासून भारत आणि आफ्रिकेतले देश एका जाळ्याने जोडले गेले आणि भारतातल्या मोठ्या रुग्णालयांतून तिकडच्या डॉक्टरांसाठी व्याख्यानं होऊ लागली. भारतात दुपारचे अडीच वाजतात तेव्हा नैरोबीत बारा आणि घानाच्या आक्रात सकाळचे नऊ. म्हणजे आपल्याला सोयीच्या वेळी तिथली ओपीडी ऐन भरात असते. थेट बैठका मोजक्या ठेवून बाकीचं ज्याला त्याला आपल्या वेळेने पाहता यावं, ही सोय त्यासाठीच लागते.

७. प्रमाणपत्र कुणाचं, वेळ कुणाचा?

ज्ञानाला सीमा नसली तरी परवान्याला आहे. एका देशाच्या अभ्यासक्रमाचे गुण दुसऱ्या देशाची परिषद मोजेलच असं नाही. युरोपातल्या विशेषज्ञ डॉक्टरांच्या संघटनेचे गुण अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या गुणांत बदलून मिळतात, पण अशी सोय श्रीमंत देशांपुरतीच जास्त आहे. केनियात मात्र एक चांगलं उदाहरण घडलं. आमरेफ या आफ्रिकी आरोग्य संस्थेने तिथल्या नर्सिंग कौन्सिलला सुरुवातीपासून बरोबर घेऊन २००५ मध्ये प्रमाणपत्रधारक नर्सेससाठी ऑनलाइन पदविका सुरू केली. नोकरी न सोडता, रुग्णालयातल्याच संगणकांवर शिकून हजारो नर्सेस पुढची पायरी चढल्या. पदविकेला देशाची मान्यता होती, तिने पदोन्नतीची वाट उघडली, म्हणून त्या आल्या आणि टिकल्या.

फायद्याची मोजणी अजून कच्ची आहे. ऑनलाइन आणि वर्गातल्या शिक्षणाची तुलना करणाऱ्या १६ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये घेतला. पाच हजारांहून अधिक आरोग्य कर्मचारी त्यांत होते. दोन्ही पद्धतींत फारसा फरक नसावा, असं त्यातून दिसलं. वर्ग भरवणंच शक्य नसलेल्या ठिकाणी ही बरोबरीसुद्धा मोठी गोष्ट आहे. पण शिकवल्यावर रुग्णाचं काय झालं याची नोंद ठेवणारे अभ्यास फार थोडे. प्रसूतिगृहातलं रजिस्टर, औषधाचं कपाट, रेफर केलेल्या रुग्णांची वही यांत ही माहिती रोज लिहिली जाते. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून ती मागायला हवी.

आणि वेळेचा प्रश्न. आज बहुतेक सिस्टर, एएनएम, आशाताई हा अभ्यास नाइट ड्युटीनंतर किंवा घरची भांडी आवरल्यावर, स्वतःच्या डेटा पॅकवर करतात. वरून कोर्स पूर्ण करण्याचा आदेश येतो, वेळ मात्र कुणी देत नाही. आठवड्यातले दोन तास ड्युटीच्या तक्त्यात अभ्यासासाठी राखून ठेवणं, त्या तासांत दुसऱ्या कुणाला प्रसूतिगृहात उभं करणं आणि नेटचं बिल खात्याने भरणं, याला नवं तंत्रज्ञान लागत नाही. जिल्ह्याच्या आरोग्य आराखड्यात त्यासाठी एक ओळ आणि एक रक्कम लागते.